अकरा नंबरचं गाणं

लिवेन फेरकाउटरेन वारला, ही बातमी खुद्द लिवेननं वाचली ती गेंटच्या ट्राम डेपोत, दुपारच्या सुट्टीत, पावावर चीज ठेवता ठेवता. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या वेड्यांचा एक जुना फोरम होता, तिथं कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं की १९८९ च्या त्या कॅसेटवाला डीजे लिवेन कॅनडात गेला होता आणि तिथंच बर्फात गाडी घसरून गेला बिचारा. खाली सात जणांनी मेणबत्तीची चित्रं लावली होती. लिवेननं क्षणभर विचार केला. आपण नाही लावली तर बरं दिसणार नाही, असं वाटून त्यानं आठवी लावली आणि पाव खाल्ला.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून तो त्या फोरमवर ‘ट्रामवाला’ या नावानं नांदत होता. आपण कोण, याचा त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. मेलेल्या माणसाला तेवढी तरी सोय असते.

फोरमवर गाण्यांच्या चर्चेला शंभर पानं होती, पण खरी वर्दळ असायची ती ‘कॉफीचा कोपरा’ नावाच्या पानावर. तिथं संगीत सोडून सगळं चालायचं. रविवारी सकाळी आठला यास्मिना लिहायची, “आत्ता घरी आले. बूट निघत नाहीयेत, कापावे लागणार बहुतेक. चौदा तास नाचले आणि बाहेर आले तर लोक चर्चला निघालेले.” यास्मिना सत्तावीस वर्षांची, आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करायची आणि शनिवार-रविवार स्वतः बिघडायची, हे तिचंच म्हणणं. त्यावर हिल्डे उत्तर द्यायची, “कानात बोळे घातले होतेस का, ते सांग आधी. पायांचं नंतर बघू.” हिल्डेची कालव्याकाठी फ्राइजची टपरी होती. तरुणपणी ती पांढरे हातमोजे घालून नाचायची, आता तेच हात बटाटे तळायचे.

आणि योरिस. तो स्वतःच्या खऱ्या नावानं लिहायचा, कारण लपवाछपवी त्याला कधी जमलीच नाही. भाड्यानं घेतलेल्या वाफ्यात तो लीक लावायचा. लीक म्हणजे कांद्याची उंच, सभ्य बहीण, असं तो सांगायचा. ट्रामवाल्याशी त्याचं विशेष जमायचं. गुडघा कुठल्या बाजूनं दुखतो, जिना चढताना की उतरताना, यावर दोघांनी एकदा अख्खा फेब्रुवारी काढला होता.

“तू महिन्याच्या पहिल्या शनिवारी हिल्डेकडे येत का नाहीस?” योरिस दर महिन्याला विचारायचा. “सगळे येतात. रेकॉर्ड वाजवतो, फ्राइज खातो, दुपारी तीनला घरी. तुझ्यासाठी लीकची जुडी आणतो मी.”

“ड्यूटी आहे,” ट्रामवाला लिहायचा.

मग ती जुडी हिल्डेच्या सूपमध्ये जायची.

ड्यूटी नव्हती. खरं सांगायचं तर लिवेनला तिथं तोंड दाखवायची हिंमत नव्हती. योरिस त्याचा जिवाभावाचा मित्र होता आणि चौतीस वर्षांपूर्वी त्यांचं भांडण झालं होतं, ते त्या कॅसेटमधल्या अकरा नंबरच्या गाण्यावरून.

हायवेच्या कडेला ‘ओयफार’ नावाचा नाचाचा हॉल होता, ती कॅसेट तिथल्याच एका रविवारची. ओयफार म्हणजे करकोचा. आता तिथं फरशा विकतात. त्या काळी रविवारी दुपारी दोनला दार उघडायचं आणि पार फ्रान्सच्या हद्दीपासून गाड्या यायच्या. लिवेन तिथला डीजे. तेवीस वर्षांचा, नखशिखांत काळ्या कपड्यांत, चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. तो अकरावं गाणं लावायचा तेव्हा हॉल गप्प व्हायचा. संथ, काळोखी धून, कुणीतरी जाड घोगऱ्या आवाजात आकडे मोजतंय, मागे देवळातल्यासारखा गुणगुणाट, आणि दर काही ठोक्यांनी एक ‘धप्प’. ती धप्प छातीत बसायची. कुठल्या यंत्रातून ती काढली, यावर फोरमवर अकरा पानं भांडण झालं होतं. आवाज एका जर्मन धर्मगुरूचा आहे, असं निम्म्या लोकांचं ठाम मत होतं.

गाण्याचं नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्या वेळी डीजे लोक रेकॉर्डचं मधलं गोल लेबल पाण्यात भिजवून काढून टाकत. दुसऱ्या हॉलच्या हेरानं डोकावून नाव वाचू नये म्हणून. आमच्याकडे ही रीतच होती आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. पण योरिसला डीजे म्हणून स्वतःचा रविवार मिळाला, दुसऱ्या गावी, तेव्हा त्यानं हक्कानं विचारलं.

“नाव सांग त्याचं. एवढं एकच मागतोय.”

“विसरलो रे,” लिवेन म्हणाला.

“हे बघ, नाही म्हण. नाही म्हणायचा तुला हक्क आहे. पण मला मूर्ख समजू नकोस.”

लिवेननं तोंडात मिठाची गुळणी धरली. योरिस कोट घालून गेला, तो गेलाच.

आता चौतीस वर्षांनी, मंगळवारी, योरिसनं कॉफीच्या कोपऱ्यात लिहिलं:

“मंडळी, डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली आहे. वाईट जातीची नाही, घाबरू नका. पण काढताना ऐकू येणं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. नऊ तारखेला ऑपरेशन. उजवा कान मी केव्हाच स्पीकरला वाहिलाय, त्यात अर्धंमुर्धं येतं. तेव्हा एक मागणं आहे. या शनिवारी हिल्डेकडे आहेच मी. अकरा नंबरचं गाणं कुणाकडे खऱ्या रेकॉर्डवर असेल तर घेऊन या. कॅसेटची खरखर नको. एकदा नीट ऐकायचंय. नाव नाही सांगितलंत तरी चालेल.”

खाली लगेच गर्दी झाली. यास्मिनानं लिहिलं, “काका, मी ब्रसेल्सची सगळी जुनी दुकानं पालथी घालते.” हिल्डेनं लिहिलं, “त्या लिवेनच्या थडग्यात असेल ती रेकॉर्ड. मेला मेला, पण नाव सांगून नाही मेला.”

लिवेननं ते दोनदा वाचलं. ती रेकॉर्ड थडग्यात नव्हती. त्याच्या तळघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे, पिवळ्या टॉवेलात गुंडाळलेली होती.

संध्याकाळी तो खाली उतरला आणि बरण्या बाजूला केल्या. टॉवेल उघडायला त्याला बराच वेळ लागला.

त्यानं विसरलो म्हणून सांगितलं होतं, पण विसरणं कसं शक्य होतं? ती रेकॉर्ड त्याच्या आईची होती. रोझाबाई, बालवाडीच्या शिक्षिका. त्र्याहत्तर साली शाळेच्या मेळाव्यासाठी त्यांनी मुलांच्या कसरतीची एक छोटी रेकॉर्ड काढली होती, दोनशे प्रती, पालकांना वाटायला. बाई आकडे मोजतात, पेटीवर सूर धरलाय, चाळीस पोरं गुणगुणतात आणि मग सगळी मिळून लाकडी जमिनीवर बेडूकउडी मारतात. धप्प. रेकॉर्ड होती पंचेचाळीसच्या वेगाची. लिवेननं सुरुवातीच्या सूचना वगळून ती तेहतीसवर सोडली. रेकॉर्ड मुद्दाम सावकाश फिरवायचा हा खोडसाळपणा तेव्हा आमच्याकडे सगळेच करत होते. आईचा आवाज त्यात उतरत उतरत पार धर्मगुरूचा झाला.

काळ्या कपड्यातल्या त्या गंभीर तरुणाला हे उघड झालं तर लोक काय म्हणतील, याची भयंकर धास्ती होती. शेकडो माणसं डोळे मिटून ज्याच्यावर डुलतात, ती बालवाडीची बेडूकउडी! अब्रूचं खोबरं झालं असतं. म्हणून त्यानं लेबल काढलं, आणि काढलं तेही आईच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच भांडी घासायच्या टबात.

“काय धुतोयस?” आईनं विचारलं होतं.

“जुनी रेकॉर्ड. घाण झालीय.”

तिनं टबात पाहिलं. लेबल तेव्हा अर्धं सुटलं होतं. ती एवढंच म्हणाली, “मग टॉवेल तरी चांगला घे,” आणि कपाटातून नवा पिवळा टॉवेल काढून दिला.

तिनं नाव वाचलं की नाही, हे लिवेनला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. एकदा तर ती हॉलवर आली होती, तो घरी विसरलेल्या किल्ल्या द्यायला. नेमकं अकरावं वाजत होतं. दाराशी, योरिसच्या शेजारी, अंगात तपकिरी कोट घालून ती उभी राहिली. लिवेनला वरून दिसत होती. गाणं संपल्यावर तिनं किल्ल्या योरिसच्या हातात ठेवल्या आणि बस पकडायला गेली. घरी आल्यावर सूप वाढलं, हवापाण्याचं बोलली. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून लिवेननं ती तबकडी कुठल्याच वेगावर लावली नव्हती.

शनिवारी ऊन होतं. कालव्याकाठी हिल्डेच्या टपरीशेजारी दहाबारा मंडळी जमली होती, सगळ्यांचे केस पिकलेले किंवा गेलेले, अपवाद यास्मिनाचा. घडीच्या टेबलावर रेकॉर्ड प्लेयर, दोन्ही बाजूंना कपाटाएवढे स्पीकर, वायर थेट टपरीत गेलेली. योरिस खुर्चीत बसला होता. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली लीकची जुडी होती.

“ब्रसेल्समध्ये नाही मिळालं,” यास्मिना त्याला मोठ्यानं सांगत होती. “एका दुकानदारानं तर मला हाकलूनच दिलं. म्हणे, त्या गाण्याचं विचारायला येणारे तुम्ही या वर्षीचे तिसरे वेडे.”

“जाऊ दे गं. तू फिरलीस तेवढं बस. फ्राइज खा.”

“तुम्ही आधी. डॉक्टरांनी तेलकट नाही म्हटलं असेल ना?”

“कानाला म्हटलंय. तोंडाला काही म्हटलेलं नाही.”

लिवेन रस्त्याच्या पलीकडे दहा मिनिटं उभा होता. दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा त्याला स्वतःचाच राग आला. हा माणूस बुधवारी एक कान गमावणार आणि आपण इथं अट्ठावन्नाव्या वर्षी आईच्या नावाची लाज सांभाळत उभे. तो रस्ता ओलांडून थेट योरिससमोर गेला.

“माझे लीक घ्यायला आलोय,” तो म्हणाला.

योरिसनं आधी हसून जुडी पुढे केली. “ट्रामवाला? अखेर उगवलास...” मग त्याचा हात तसाच राहिला. तो चेहरा बघत राहिला. पोट सुटलं होतं, केस गेले होते, पण डोळे तेच होते.

“हिल्डे,” योरिस सावकाश म्हणाला, “मला एकट्यालाच दिसतंय का हे?”

हिल्डेनं झारा खाली ठेवला. “अरे देवा. नऊ वर्षं मी ह्याच्या नावानं मेणबत्त्या मोजतेय.”

“मेलेल्या माणसाला मेयोनीज चालतं का?” यास्मिनानं विचारलं. कुणी हसलं नाही.

“नऊ वर्षं,” योरिस म्हणाला. “नऊ वर्षं तू माझ्याशी गुडघ्यावर बोलतोयस.”

“हो.”

“गुडघा तरी खरा आहे का?”

“गुडघा खरा आहे,” लिवेन म्हणाला. “बाकी खोटं बोललो. तेव्हाही खोटंच बोललो होतो. मी नाव विसरलो नव्हतो, योरिस. मला लाज वाटली होती.” आणि त्यानं टॉवेल टेबलावर ठेवला. “आधी ऐक. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. फक्त डावा कान आहे तोवर दे, म्हणजे तुलाही ऐकू येतील.”

योरिसच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. त्यानं खुर्ची उचलली, डाव्या बाजूच्या स्पीकरला लावली आणि कान जाळीला टेकवून बसला.

लिवेननं तबकडी ठेवली, तेहतीसवर. सुई नेहमीच्या जागी, सूचनांच्या पुढे टेकली.

कॅसेटवर चौतीस वर्षं जे धुक्यातून ऐकलं होतं ते आता उघड्यावर आलं. पेटीचा भाता ओढल्याचा श्वास ऐकू येत होता. घोगरा आवाज मोजायला लागला, गुणगुणाट उठला, आणि धप्प. टेबलावरचे फ्राइजचे काटे हलले. हिल्डेनं डोळे मिटून घेतले, तिचे तेलकट हात आपोआप वर गेले. योरिस हलला नाही. फक्त धप्प आली की त्याच्या पापण्या फडफडत होत्या. गाणं संपलं तेव्हा त्याचे गाल ओले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत.

“आता नाव ऐक,” लिवेन म्हणाला. त्यानं सुई या वेळी अगदी सुरुवातीला ठेवली आणि वेगाची कळ पंचेचाळीसवर ढकलली.

स्पीकरमधून एक बाई बोलायला लागली. तरुण, खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. “गुडघे वाकवा. हात जमिनीला. पीटर, जीभ आत. एक, दोन, तीन, चार, आणि बेडूक!” चाळीस पोरांचे ऐंशी पाय लाकडावर पडले.

यास्मिनाच्या हातातली फ्राय हवेतच राहिली. मागच्या टक्कलवाल्यानं, ज्यानं धप्प कुठल्या यंत्राची यावर फोरमवर सर्वांत जास्त लिहिलं होतं, डोक्याला हात लावला.

लिवेनला वाटलं होतं, आता हशा पिकेल. तो ऐकायला तो तयार होऊन आला होता. पण आईचा आवाज इतक्या जवळून येईल याची तयारी त्यानं केली नव्हती. एकोणीस वर्षांत तो आवाज त्यानं ऐकला नव्हता.

“माझी आई आहे,” तो म्हणाला. “रोझाबाई. तुमचा जर्मन धर्मगुरू. मी तिचं नाव तिच्याच टबात धुऊन टाकलं. तिला कळलं की नाही, तेही मला माहीत नाही.”

योरिस खुर्चीत सरळ झाला. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, जुनं काहीतरी शोधत असल्यासारख्या.

“थांब,” तो म्हणाला. “किल्ल्या द्यायला आल्या होत्या काकू. तपकिरी कोट. दाराशी माझ्या शेजारी उभ्या होत्या.”

“हो.”

“हेच लागलं होतं तेव्हा. त्या माझ्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाल्या. म्हणाल्या, ‘सगळ्यांचे पाय एकदम पडायला मला पंधरा दिवस लागले.’ मला वाटलं, आवाजानं बाईंचं डोकं भणाणलं असेल. मी आपली मान डोलावली.” तो लिवेनकडे बघत राहिला. “आणि हसत होत्या रे त्या. हॉलकडे बघून अशा हसत होत्या, की मला वाटलं, ह्यांना नाचायचंय की काय.”

लिवेन मटकन खाली बसला, तिथंच, कालव्याच्या कठड्यावर. चौतीस वर्षं हे वाक्य योरिसकडे पडून होतं. लिवेन भांडला नसता, एकदा खरं बोलला असता, तर त्याच संध्याकाळी त्याला ते मिळालं असतं, आणि घरी जाऊन तो आईजवळ बसला असता. त्याला रडू फुटलं. त्या रडण्यात दुःख होतं, पण त्याहून मोठी सुटका होती.

योरिसनं त्याला रडू दिलं. मग जुडी त्याच्या मांडीवर टाकली.

“शिव्या पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवतो,” तो म्हणाला. “उजव्या कानाच्या बाजूला बसत जा म्हणजे तुझी उत्तरं ऐकू येतील. आता ते परत लाव. बाईंच्या वेगावर.”

“पंचेचाळीसवर?”

“मग काय. मला त्या पायांत शिरायचंय.”

“काका, तुमचा गुडघा,” यास्मिना म्हणाली.

“गुडघा बुधवारी नाही काढणार ते.”

लिवेननं सुई ठेवली. रोझाबाईंनी गुडघे वाकवायला सांगितलं आणि कालव्याकाठची पिकली मंडळी कुरकुरत, एकमेकांचे खांदे धरत वाकली. हिल्डे टपरीतून बाहेर येऊन वाकली. पहिल्या उडीला सगळ्यांचे पाय वेगवेगळे पडले. दुसऱ्या उडीलाही. चौथ्या वेळी मात्र जमलं, आणि टपरीच्या काचा थरथरल्या.

पंधरा तारखेला, मंगळवारी, लिवेन डेपोत पावावर चीज ठेवत होता तेव्हा कॉफीच्या कोपऱ्यात योरिसची ओळ आली. “डावा गेला. उजव्यात यंत्र बसवलंय, नर्सची बडबड स्पष्ट येते, दुर्दैव. माझ्या वाफ्याला पाणी कोण घालतंय?”

“मी,” ट्रामवाल्यानं लिहिलं. मग ते पुसून स्वतःचं नाव घातलं आणि पुन्हा लिहिलं, “मी. काल संध्याकाळीच घातलं.”

थोड्या वेळानं त्यानं त्या कॅसेटच्या यादीचं पान उघडलं. ओयफार, सप्टेंबर १९८९. एकापासून दहापर्यंत नावं होती, बारापासून पुढे नावं होती. अकराच्या पुढे इतकी वर्षं ‘अज्ञात’ असं होतं. त्या जागी आज सकाळी, दवाखान्यातून, योरिसनं लिहिलं होतं:

“११. रोझाबाई आणि मोठा गट: बेडूकउडी. वेग ४५. पाय एकदम पडायला पंधरा दिवस लागले.”

खाली एकाही माणसानं मेणबत्ती लावली नव्हती. यास्मिनानं एक बेडूक लावला होता, आणि मग बाकीच्यांनीही. लिवेननं मोजले, त्रेचाळीस होते. त्यानं चव्वेचाळिसावा लावला आणि ट्राम चालवायला उठला.